हुगळीवरचा दुसरा पूल आणि चटकलीतले विणकर

इतिहास म्हटला की आपल्याकडे एक तर बादशहांच्या लढाया आठवतात, नाही तर फाळणी. या दोहोंच्या मधल्या काळात जी माणसे रोज भोंगा वाजला की कामाला गेली, कर्ज काढून मुलींची लग्ने केली आणि एक दिवस गुपचूप कबरस्तानात जाऊन पडली, त्यांच्या वाट्याला इतिहासाचे अर्धे पानही येत नाही. आम्ही गेली दहा-बारा वर्षे मालेगावच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवतो. उद्योगधंद्यांवरचा धडा आला की कापसाच्या गिरण्यांबद्दल मुलांना फारसे सांगावे लागत नाही. कापड त्यांच्या घरातच विणले जाते. पण ताग हा शब्द आला आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, ये जूट क्या होता है?" आम्ही मुलाला रेशन दुकानातले रिकामे पोते आणायला सांगितले. पोते वर्गात फिरले, मुलांनी हात लावून पाहिले. आणि आम्हाला जाणवले की या पोत्यात आमच्याच खानदानाची अर्धी गोष्ट आहे. ती आम्ही कधी कोणाला सांगितलेली नाही. ती सांगण्यासाठीच हा लेख.

आमचे मूळ गाव आताच्या मऊ जिल्ह्यात. १८५७ च्या उठावानंतर उत्तर प्रदेशातल्या मोमीन विणकरांचे तांडेच्या तांडे गाव सोडून निघाले आणि मुंबई-आग्रा रस्त्याने दक्षिणेकडे येत मालेगाव, भिवंडी अशा ठिकाणी वसले, हे आपल्याला माहीत आहे. पण त्याच गावांतून दुसरी एक वाट पूर्वेकडे जात होती. तिकडे हुगळी नदीच्या काठी तागाच्या गिरण्या उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांना मागावर हात बसलेली माणसे हवी होती. ही ये-जा पुढेही कैक पिढ्या चालू राहिली. आमचे दादा मालेगावला आले आणि त्यांचे थोरले भाऊ हावड्याला गेले. दोघांचा हुनर एक, नशीब मात्र वेगवेगळ्या नद्यांच्या काठी. काही वर्षांपूर्वी एका लग्नाच्या निमित्ताने आम्ही मनमाडहून गाडी धरली आणि हावड्याला पोहोचलो, तेव्हा थोरल्या दादांचे चिरंजीव, म्हणजे आमचे चचा, स्टेशनवर घ्यायला आले होते. वय पंचाहत्तरीच्या पुढे. आयुष्य शिबपूरच्या एका चटकलीत गेलेले. तागाच्या गिरणीला तिकडचे कामगार चटकल म्हणतात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चचा आम्हाला शिबपूरच्या घाटावर घेऊन गेले. समोर नदी, पलीकडे कोलकाता, आणि डोक्यावर तो पूल. चित्रात आम्ही तो पाहिला होता, पण घाटावरून वर पाहताना जे वाटते ते चित्रात येत नाही. दोन मनोरे, आणि त्यांच्या माथ्यावरून दोन्ही बाजूंना पंख्यासारख्या उतरत गेलेल्या पोलादी तारा. चचा म्हणाले, "देखो, ताना लगा है." विणकराला दुसरे काय दिसणार! उभ्या धाग्यांना आपण ताणा म्हणतो, तोच आकाशात लावल्यासारखा दिसत होता.

पुलाची हकिकत

या पुलाचे नाव विद्यासागर सेतू. लोक त्याला दुसरा हुगळी पूल असेही म्हणतात. पहिला म्हणजे प्रसिद्ध हावडा पूल, जो १९४३ साली वाहतुकीला खुला झाला. त्याला सुमारे २६,५०० टन पोलाद लागले आणि त्यातले २३,००० टन टाटांच्या कारखान्यातून आले. ऐन महायुद्धात विलायतेतून माल येणे कठीण असताना आपल्याच पोलादावर एवढा पूल उभा राहिला. शहर वाढले, तसा त्या एका पुलावर बैलगाड्या, ट्रामगाड्या, ट्रक आणि माणसे यांचा इतका भार पडू लागला की दुसऱ्या पुलाची गरज उघड दिसू लागली.

२० मे १९७२ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते दुसऱ्या पुलाची पायाभरणी झाली. प्रत्यक्ष काम सुरू व्हायला १९७९ उजाडले. पूल खुला झाला १० ऑक्टोबर १९९२ रोजी. म्हणजे पायाभरणीच्या वर्षी जन्मलेले मूल पूल पाहीपर्यंत विशीत आले होते. खर्च झाला सुमारे ३८८ कोटी रुपये. लांबी ८२३ मीटर, रुंदी ३५ मीटर, मनोऱ्यांची उंची जवळजवळ १२८ मीटर आणि दोन मनोऱ्यांमधले अंतर ४५७ मीटर. हावडा पुलाचा मधला गाळाही जवळजवळ एवढाच, दीड हजार फुटांचा. त्या वेळी आपल्या देशात या पद्धतीचा एवढा मोठा पूल दुसरा नव्हता.

ही पद्धत काय ते थोडक्यात सांगतो, कारण मुलांना हे समजावताना आम्हालाच फार आनंद झाला. झुलत्या पुलात दोन मनोऱ्यांवरून एक जाड दोर सोडलेला असतो आणि त्या दोराला रस्ता टांगलेला असतो. इथे तसे नाही. प्रत्येक तार मनोऱ्यापासून सरळ रस्त्यापर्यंत येते आणि रस्त्याचा तेवढा भाग स्वतः तोलून धरते. एका बाजूच्या तारा नदीकडे ओढतात, दुसऱ्या बाजूच्या काठाकडे ओढतात, आणि मनोरा मधे ताठ उभा राहतो. बांधकामही तसेच होते. दोन्ही मनोऱ्यांपासून रस्ता तुकड्यातुकड्याने पुढे सरकवायचा, प्रत्येक नवा तुकडा तारेने टांगायचा, आणि शेवटी दोन्ही टोके मधोमध मिळवायची. त्यामुळे भरल्या प्रवाहात खांब रोवावे लागत नाहीत, जहाजांची वाट मोकळी राहते.

पुलाची कल्पना जर्मनीतल्या श्लाइख आणि बेर्गरमान यांच्या अभियंत्यांची. पण इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्या काळी जगात असे पूल वेल्डिंगने जोडले जात होते. आपल्याकडे मात्र त्या दर्जाचे वेल्डिंगला योग्य पोलाद हवे तेवढे मिळत नव्हते. मग आराखडाच असा केला गेला की पोलादी सांगाडा रिवेट मारून जोडता यावा आणि त्यावर काँक्रीटचा थर बसवावा. रिवेट मारणे म्हणजे लालभडक तापवलेली खीळ भोकात घालून ठोकून बसवणे. हे काम हावड्याच्या कारागिरांना दोन पिढ्या माहीत होते, कारण हावडा पूल असाच जोडला होता. तो पूल बांधण्यासाठी ब्रेथवेट, बर्न आणि जेसप या तीन कारखान्यांनी मिळून १९३५ च्या सुमारास जी कंपनी काढली, तीच पुढे या नव्या पुलाच्या पोलादी कामातही होती. म्हणजे कल्पना नवी, पण हात जुनेच. जगातल्या नव्या पद्धतीचा पूल आपल्याकडे उभा राहिला, तो लोहारकामाच्या जुन्या हुनराच्या जोरावर.

काठाची हकिकत

आता पुलाखालच्या काठाकडे पाहू. १८५५ साल बंगालच्या इतिहासात मोठे विलक्षण आहे. त्या वर्षी हुगळीच्या काठी रिश्रा इथे तागाची पहिली गिरणी सुरू झाली. जॉर्ज ऑकलंड नावाच्या इंग्रजाने स्कॉटलंडच्या डंडी शहरातून यंत्रे आणली होती. त्याच वर्षी ईश्वरचंद्र विद्यासागरांचे 'वर्णपरिचय' हे बंगाली मुलांसाठी लिहिलेले अक्षरओळखीचे पुस्तक छापले गेले. पुढच्याच वर्षी, १८५६ मध्ये, अवधचे गादी गेलेले नवाब वाजिद अली शाह लखनौ सोडून कोलकात्याला आले आणि मटियाबुर्जला राहिले. मटियाबुर्ज या पुलाच्या थोडे खाली, कोलकात्याच्या बाजूला आहे. नवाब १८८७ साली तिथेच वारले आणि तिथल्याच इमामबाड्यात त्यांची कबर आहे.

आपल्या उर्दू शाळांत नवाबांची ठुमरी, बिर्याणी, कबुतरे यांच्या गोष्टी मोठ्या चवीने सांगितल्या जातात. आम्हीही सांगतो. पण ज्या काळात नवाब मटियाबुर्जला दुसरे लखनौ वसवत होते, त्याच काळात त्यांच्याच अवधमधून आणि शेजारच्या जिल्ह्यांतून, बिहारमधून, हजारो गरीब विणकर आणि मजूर त्याच नदीच्या काठी येऊन चटकलीच्या भोंग्यावर उठायला शिकत होते. त्यांची गोष्ट कोण सांगणार?

तागाच्या पोत्यांवर तेव्हा जगाचा व्यापार चालत होता. धान्य, साखर, कॉफी, कापूस, सगळे काही गोणपाटात. पहिल्या महायुद्धात खंदकांपुढे रचलेली वाळूची पोतीही इथलीच. १९२० च्या दशकाच्या अखेरीस या गिरण्यांत तीन लाखांहून अधिक कामगार होते. टिटागड, कांकिनारा, भाटपाडा, जगद्दल, नैहाटी, शिबपूर, बजबज अशी दोन्ही काठांवर गिरण्यांची रांगच होती. हिंदू, मुसलमान, बिहारी, ओडिया, तेलुगू, बंगाली अशी सगळी माणसे एका चाळीत राहत. कधी भांडत, कधी एकत्र संप करत. १९२९ आणि १९३७ चे सार्वत्रिक संप प्रसिद्ध आहेत. १९२९ च्या संपात प्रभावती दासगुप्ता या बाई पुढारी होत्या, हे आमच्या विद्यार्थिनींना आम्ही आवर्जून सांगतो. हावड्यात तागाच्या जोडीला ओतशाळा, लेथ, रेल्वे वाघिणींचे कारखाने इतके होते की त्या गावाला पूर्वेकडचे शेफील्ड म्हणत.

मग ही भरभराट गेली कुठे?

पहिला घाव फाळणीचा. १९४७ साली गिरण्या सगळ्या भारतात राहिल्या आणि ताग पिकवणारी बहुतेक उत्तम जमीन पूर्व पाकिस्तानात गेली. १९४९ मध्ये भारताने रुपयाचे अवमूल्यन केले, पाकिस्तानने केले नाही, आणि कच्च्या तागाचा व्यापारच अडला. मग सीमेपलीकडे नव्या गिरण्या निघाल्या. नारायणगंजची आदमजी गिरणी १९५१ साली सुरू झाली. (ती सुद्धा २००२ मध्ये बंद पडली, हेही सांगून ठेवू.) दुसरा घाव प्लास्टिकच्या पोत्याचा आणि जहाजावरच्या कंटेनरचा. तिसरा घाव नदीचा. हुगळी गाळाने भरत गेली, मोठी जहाजे कोलकात्यापर्यंत येईनात. १९७५ मध्ये फराक्का बंधारा सुरू झाला तो गंगेचे पाणी इकडे वळवून बंदर वाचवण्यासाठी, पण मोठ्या जहाजांसाठी खाली हल्दियाला नवी गोदी काढावी लागलीच. चौथा घाव लोखंडी कारखान्यांवर. साठीच्या दशकाच्या मध्यानंतर रेल्वेच्या वाघिणींच्या मागण्या घटल्या. शिवाय पोलादाचा भाव देशभर सारखा ठेवण्याचे धोरण होते. जमशेदपूरचे पोलाद हावड्याला जेवढ्याला पडे, तेवढ्यालाच मुंबईला. त्यामुळे खाणींजवळ असण्याचा बंगालचा फायदा गेला. आपल्या महाराष्ट्राच्या कारखानदारीला त्याचा लाभ झाला, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. याच्या जोडीला जुनाट यंत्रे, नफा काढून घेऊन गिरणी मोडकळीस येऊ देणारे मालक आणि सततचे संप-टाळेबंदी. एकालाच दोषी ठरवून मोकळे होता येईल असा हा मामला नाही.

ही गोष्ट एकट्या बंगालची नाही, हे वेगळे सांगायला नको. १९८२ च्या संपानंतर गिरणगावाचे काय झाले ते आपण पाहिलेच. पुढे २००९ मध्ये त्याच मुंबईत वांद्रे-वरळी सागरी सेतू खुला झाला, तोही तारांवर तोललेला. गिरण्यांच्या जागी टॉवर आले, समुद्रावर पूल आला, गिरणी कामगार मात्र शहराबाहेर फेकला गेला.

वीस वर्षांचा हिशेब

आता दोन्ही हकिकती शेजारी ठेवून पाहा. पूल बांधला गेला १९७२ ते १९९२ या काळात. काठ खचला तोही याच काळात. चचांनी घाटावर बसून आम्हाला जे सांगितले त्याचा मथितार्थ असा: कामावरून सुटले की ते आणि त्यांचे सोबती या घाटावर येऊन बसत. दोन्ही मनोऱ्यांपासून रस्ता दर महिन्याला थोडा पुढे आलेला दिसे. मधले अंतर किती उरले यावर पैज लागे. सगळे म्हणत, पूल जोडला गेला की माल भराभर जाईल, गिरणी पुन्हा तीन पाळ्यांत चालेल. मधल्या काळात गिरणी कधी बंद, कधी चालू. फंडाचे पैसे थकले. कायम कामगार बदली झाले, बदली कामगार हातगाडीवर गेले. चचा म्हणाले, "पुल जुड़ गया बेटा, हम टूट गए."

आम्ही विचारले, मग पुलाचा काहीच उपयोग झाला नाही का? चचा हसले. म्हणाले, तसे कसे म्हणू? मुलाला दवाखान्यात घेऊन रात्री याच पुलावरून गेलो होतो. ते खरेच आहे. पुलाने हावडा पुलावरचा ताण कमी केला. धुळ्याहून, नागपूरहून जाणारा जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ तिकडे जिथे संपतो, तिथून कोना एक्सप्रेसवेने ट्रक थेट या पुलावर येतात. म्हणजे आमच्या खानदेशच्या वेशीवरून निघालेली वाट तिथपर्यंत जाते. २०१३ मध्ये राज्य सरकारचे मुख्यालयही पुलाजवळच्या 'नबान्न' या इमारतीत, हावड्याच्या बाजूला आले. पूल वाईट नाही. पण पूल गाड्या पलीकडे नेतो, रोजगार इकडे आणत नाही. रस्ता, पूल, उड्डाणपूल झाला म्हणजे भागाचा विकास झाला, अशी जी आपली समजूत आहे, ती हुगळीच्या काठी उभे राहून एकदा तपासून पाहावी. ज्या कारखान्यांच्या हातांनी हे पूल उभे राहिले त्यांतल्या बर्न कंपनीचा वारसा सांगणारी बर्न स्टँडर्ड कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१८ मध्ये घेतला. पूल उभा आहे, तो जोडणाऱ्यांचे दार लागले.

चटकली मात्र सगळ्याच मेलेल्या नाहीत. १९८७ च्या कायद्याने धान्यासाठी तागाची पोती सक्तीची झाली आणि त्या सरकारी मागणीवर अनेक गिरण्या आजही तग धरून आहेत. आमच्या वर्गात फिरलेले ते रेशनचे पोते त्यातलेच.

हजेरीपट

पुलाला विद्यासागरांचे नाव दिले याचा एक शिक्षक म्हणून आम्हाला अभिमान वाटतो. पुतळे आणि रस्ते पुढाऱ्यांच्या नावाचे असतात, इथे निदान मुलांना अक्षरे शिकवणाऱ्याचे, विधवांच्या पुनर्विवाहासाठी झगडणाऱ्याचे नाव आहे. पण रिवेट मारणाऱ्यांची नावे कुठे आहेत? आणि त्या काठावर पोती विणणाऱ्यांची?

इतिहासकार दीपेश चक्रवर्ती यांनी १८९० ते १९४० या काळातल्या बंगालच्या ताग कामगारांवर मोठे काम केले आहे. त्यांनी दाखवून दिले आहे की गिरण्यांच्या दफ्तरांतून कामगारांच्या आयुष्याबद्दल फार थोडे हाती लागते, कारण भरती, हजेरी, शिस्त हे सगळे सरदाराच्या म्हणजे मुकादमाच्या हातात होते. हजेरीपटात खोटी नावे भरणे हा तर नेहमीचा प्रकार. आम्ही रोज सकाळी हजेरी घेतो. एखाद्या मुलाचे नाव चुकीचे वाचले तर तो लगेच उभा राहून दुरुस्त करतो. आणि इथे आमच्याच रक्ताची माणसे, त्यांचे नाव हजेरीपटात खरे होते की सरदाराने भरलेले, हे सांगायलाही कोणी उरले नाही. थोरल्या दादांचा गिरणीतला एक कागद चचांच्या पेटीत आहे. त्यावर त्यांचे नाव वेगळेच लिहिले आहे. चचा म्हणाले, सरदाराने जे सांगितले ते बाबूने लिहिले, अब्बांना वाचता कुठे येत होते!

वाचकहो, त्या कागदाने आम्हाला झोप लागू दिली नाही. आमच्या समाजात शिक्षणाचा प्रश्न आपण नेहमी नोकरीशी जोडून बोलतो. पण ज्याला वाचता येत नाही त्याचे नावसुद्धा दुसरा लिहितो, आणि जो समाज आपला इतिहास लिहीत नाही त्याचा इतिहासही दुसराच लिहितो. कधी 'अडाणी जुलाहा' म्हणून, कधी 'दंगलखोर' म्हणून. इंग्रज अधिकाऱ्यांनी ते केलेच होते.

मालेगावला परत आल्यावर आम्ही एक छोटे काम सुरू केले आहे. दर वर्षी नववीची मुले घरातल्या एका म्हाताऱ्या माणसाकडून चार गोष्टी विचारून लिहून आणतात: गाव कोणते, कोणत्या साली इथे आलात, पहिला माग कोणाचा चालवला, मजुरी किती मिळाली. उर्दूत लिहिली तरी चालते, मराठीत लिहिली तर जास्त बरे, कारण शेजाऱ्यांनाही ती वाचता आली पाहिजे. वह्या शाळेच्या कपाटात आहेत. पहिल्या वर्षी ज्या म्हाताऱ्यांनी मुलांना माहिती दिली, त्यांतले काही आता राहिले नाहीत. याच काळात आमच्या मोहल्ल्यातले काही कारखाने बंद पडून माग भंगाराच्या भावाने गेले. शहराबाहेरच्या महामार्गावर मात्र पूल आहेत, रस्ते रुंद आहेत.

भिवंडीत, इचलकरंजीत, सोलापुरात, जिथे जिथे आपले विणकर आहेत तिथल्या शिक्षकांनी असे करून पाहावे, एवढीच आमची विनंती आहे. यंत्रमागाचे पुढे काय होणार हे ठरवणे शिक्षकाच्या हातात नाही. त्यासाठी वीज, सूत, कर्ज आणि बाजार यांचा विचार करणारे लोक हवेत, आणि तो विचार माग भंगारात जाण्यापूर्वी व्हायला हवा, हे हुगळीच्या काठाने शिकवले आहे. पण नावे बरोबर लिहून ठेवणे नक्कीच आपल्या हातात आहे.

निघताना चचांनी आम्हाला तो कागद दाखवून पुन्हा पेटीत ठेवला. आम्ही आमच्या वहीत थोरल्या दादांचे खरे नाव लिहून घेतले आणि चचांना वाचून दाखवले. चचांनी एक अक्षर दुरुस्त करायला सांगितले. आम्ही केले.